रोलमधला शेवटचा फोटो

निगडीच्या स्टॉपवर बसच्या रांगेत माझ्या पुढं एक जोडपं उभं होतं. नवऱ्याच्या गळ्यात कंपनीच्या फोटो क्लबचा कॅमेरा होता.

“कस्तुरा, आज हा रोल क्लबच्या सरांना पटला न्हाई तर माझी जागा दुसऱ्याला.”

“जर्मनीला जाणाऱ्यांत तुमचं नाव लागलंय ना?”

“लागलंय. पण तिथं रस्त्यावरची माणसं नकळत टिपायला शिकवणार. आधी इथं एक तरी तसा फोटो दाखव म्हणाले. माझ्या फोटोत सगळी ताठ उभी, पोलीस भरतीला आल्यासारखी.”

“मग आधी विचारता कशाला?”

“न विचारता कुणाचा फोटो काढायचा? काळेवाडीची भाजीवाली म्हणाली, थांब, पदर घेते. पदर घेतला आणि मग हललीच न्हाई.”

“जर्मनीत कोणत्या भाषेत विचारणार?”

“तेच तर कळंना. आता एकच फोटो उरलाय, कस्तुरा.”

“मग हळूच मागं वळा. ते म्हातारबाबा मान लांब करून आपलंच ऐकतायत. त्यांना भान न्हाई. त्यांचा काढा.”

“विचारू?”

“विचारलंत तर मी घरी जाते!”

तो वळला. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला.

माझा हात आपसूक टोपीकडं गेला. टोपी सरळ केली, कोटाचं बटण लावलं आणि छाती पुढं काढून उभा राहिलो.

खटका वाजला.

“काढलात?”

“काढला.”

“कसा आला असंल?”

“ताठ.”