रफूच्या आधीची धुलाई

(इस्पितळाची खोली. दोन खाटा, एक रिकामी. दुपार.)

बायको: हातातला पेपर राहू द्या. आधी मला सांगा, शर्टाच्या खिशात या गोळ्या काय करतायत?

रफूगार: कुठल्या गोळ्या?

बायको: वेड पांघरून पेडगावला जाऊ नका. घडी घालताना हाताला लागल्या. ही लघवीची, ही पांढरी, ही गुलाबी. रोज सकाळी मीच तुमच्या तळहातावर ठेवते, मला ओळखता येतात.

रफूगार: हळू बोल. नर्स ऐकेल.

बायको: ऐकू दे. गिळल्या नाहीत तुम्ही?

रफूगार: रविवारपासून नाही.

बायको: अगं आई गं! आणि सकाळी इथं दाखल करून घेताना नर्सने विचारलं, तर तोंड वर करून ‘घेतल्या’ म्हणालात?

रफूगार: बस खाली. विचार करून केलंय मी. मला सांग, सिगारेटने जळलेला कोट दुकानात आला, तर मी आधी काय करतो?

बायको: आत्ता कोट कुठून आला मध्येच?

रफूगार: सांग तर. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून काजं केलीस.

बायको: आधी धुता. खळ काढता. कुणी मागून ठिगळ चिकटवलं असेल तर ते सोडवता.

रफूगार: हां. मग?

बायको: मग शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखलेलं असतं, त्या मायेतले धागे ओढायचे, आणि त्याच धाग्यांनी भोक भरायचं.

रफूगार: डॉक्टरबाई दुसरं काय म्हणाल्या? झटका आला तेव्हा हृदयाचा एक तुकडा मेला, तिथं नुसता वण उरलाय. आता माझ्याच कमरेच्या हाडातून मगज काढणार, त्यातल्या मूळपेशी निवडून घेणार, आणि मांडीतून नळी घालून हृदयात सोडणार. माझंच कापड, माझाच धागा! ऐकताना मला वाटलं, ही बाई तर आपल्याच धंद्यातली.

बायको: आणि म्हणून गोळ्या बंद?

रफूगार: खळ धुवायला नको? अंगात जुनी औषधं मुरलेली असताना नवीन पेशी धरतील कशा? गोळी म्हणजे ठिगळच की.

बायको: कुणाला विचारलंत?

रफूगार: त्यात विचारायचं काय?

बायको: अति शहाणा त्याचा बैल रिकामा! पाय दाखवा. चादर काढा म्हणते ना. अहो, बोट दाबलं तर खड्डा पडलाय. वर येत नाही. म्हणून काल घरी तिसरी उशी मागितलीत होय?

रफूगार: आडवं झालं की जरा घाबरल्यासारखं होतं. पाण्याखाली गेल्यासारखं.

बायको: मी बेल दाबते.

रफूगार: दाबू नकोस! ऐक माझं. ही चाचणी आहे. कितीतरी माणसं रांगेत आहेत. मी गोळ्या चुकवल्या हे कळलं की मला घरी धाडतील आणि माझी जागा दुसऱ्याला देतील. आजची संध्याकाळ निघू दे फक्त.

बायको: आणि तिथं टेबलावर सपाट निजवतील तेव्हा? इथं उशांना टेकून बसलात तरी धाप लागतेय. मला भीती वाटते हो.

रफूगार: मला वाटत नाही का? जिना चढलो की हात थरथरतात, सुई ओवता येत नाही. गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि मी नुसता धागा चाटत बसतो. मला मरायचं नाही गं. हा एक दरवाजा उघडलाय, तोही तू लावतेस.

बायको: लावते. हव्या तेवढ्या शिव्या द्या.

रफूगार: दाबलीस?

बायको: दाबली.

डॉक्टरबाई: काय झालं काकू?

बायको: बाई, यांनी रविवारपासून एकही गोळी घेतलेली नाही. पाय बघा यांचे.

डॉक्टरबाई: काका? पुढे वाका बरं. मोठा श्वास घ्या. अजून एक. छातीत दोन्हीकडे पाणी साठलंय. का बंद केल्या गोळ्या?

रफूगार: नव्या पेशी नीट बसाव्यात म्हणून.

डॉक्टरबाई: हे कुणी सांगितलं तुम्हाला?

रफूगार: कुणी नाही. आमच्या कामात तसंच करतात.

डॉक्टरबाई: मी तासभर पेशींबद्दल बोलत बसले, आणि गोळ्या चालू ठेवा हे सांगायचंच राहिलं. मला वाटलं, ते काय सांगायचं.

रफूगार: पण आजचं होईल ना?

डॉक्टरबाई: नाही काका. असं आडवं केलं तर तुम्ही टेबलावरच गुदमराल. आज इंजेक्शनने आधी पाणी उतरवू.

रफूगार: बघ. सांगितलं होतं तुला.

डॉक्टरबाई: त्यांच्यावर नका रागावू. आणि एक ऐका. या पेशी नवा स्नायू विणून देतात, असं मी म्हटलं नव्हतं. तशी आशा आहे. प्राण्यांमध्ये बरं दिसलं. माणसांत कुणाला थोडा फायदा झाला, कुणाला काहीच नाही. त्या तिथं जाऊन नेमकं काय करतात, तेही आम्हाला नीट ठाऊक नाही. म्हणून तर चाचणी. निम्म्यांना पेशी मिळणार, निम्म्यांना नुसतं खारं पाणी. कुणाच्या वाट्याला काय, हे मलाही कळत नाही.

बायको: नुसतं पाणी? हे मला कुणी बोललं नाही.

रफूगार: मला सांगितलं होतं.

बायको: म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलात तुम्ही!

रफूगार: मला वाटलं, मला पेशीच मिळतील. असंच वाटतं ना माणसाला?

डॉक्टरबाई: वाटतं. पण त्या गोळ्यांनीच तुम्हाला इथवर आणलंय, काका. पाणी उतरलं, तब्येत थाऱ्यावर आली, की पुन्हा तपासू. तोवर जागा राहील असा शब्द मात्र देता येणार नाही. मी इंजेक्शन घेऊन आलेच. उशा काढू नका.

रफूगार: गेल्या?

बायको: गेल्या.

रफूगार: आणि मला नाहीच घेतलं पुन्हा, तर?

बायको: तर नाही घेतलं. गोळ्या घ्यायच्या, जिना चढायचा नाही, दुकानात खालीच बसायचं. सुई मी ओवून देईन.

रफूगार: डोळे बघ कसे झालेत तुझे. घरी जाऊन झोप जरा.

बायको: घरी तरी कुठं झोपते मी? झटका आल्यापासून रोज रात्री तुमचा श्वास ऐकत पडते. जरा ऐकू नाही आला की माझाच जीव जातो.

रफूगार: माहीत आहे मला. म्हणून तर मोठ्याने घ्यायचो.