निखिलच्या गेटपासून सुरू होणारा नकाशा

हसू नका, पण प्राजूच्या जीपीएस घड्याळाने माझी झोप उडवली होती. ही माझी मैत्रीण रोज धावून आली की नकाशा स्टेटसला टाकते, आणि तो रोज रहाटणीत निखिलच्या गेटपासून सुरू होतो. निखिलशी माझं लग्न ठरलंय.

शेवटी विचारलंच, "तू राहतेस दोन गल्ल्या सोडून. मग सुरुवात त्याच्या दारातून कशी गं?"

"अगं, आमच्या गल्लीत बिल्डिंगी खेटून आहेत, घड्याळाला सॅटेलाइट सापडत नाहीत. त्याच्यासमोर मोकळा प्लॉट आहे. सिग्नल आला की पळते."

माझा जीव भांड्यात पडला.

"सकाळी सहाला पाच मिनिटं थांबावं लागतं," ती म्हणाली, "पण निखिल चहा आणून देतो."

माझा फोन तो नऊच्या आधी उचलत नाही.