फ्लॉवरच्या शेतातली सवत

बसा, बसा. एवढी माणसं आलात, बरं वाटलं. मला भाषण येत नाही. घरात बोलायचं काम माझंच होतं, पण समोर एकच श्रोता, आणि तोही ऐकत नसायचा.

आत्ता प्राचार्य म्हणाले, सरांचं आयुष्यात एकच प्रेम होतं, विज्ञान. अहो, विज्ञान कसलं? भुंगेरा! काळा, नखाएवढा, पळकुटा भुंगेरा. शेतात अळ्या खातो. फारसं कुणी त्याला ओळखत नाही. मी ओळखते. सवत आहे माझी ती.

हसू नका. खरंच सांगतेय.

आमच्या धायरीच्या घरातला श्रीखंडाचा एकही डबा कधी माझा झाला नाही. सगळे लोणी काळभोरला, बापूंच्या फ्लॉवरच्या शेतात. काठापर्यंत मातीत पुरायचे, रात्री भुंगेरे पळता पळता आत पडायचे, सकाळी हे जाऊन बघायचे, लिहून घ्यायचे आणि सोडून द्यायचे. त्याच्या पायावर केस किती, हे यांना पाठ. मी चष्मा बदलला, ते दिवाळीत कळलं. तेही माझ्या बहिणीनं सांगितलं म्हणून.

आणि तो वास! भुंगेरा हातात धरला की आंबट, नाकाला झोंबणारा वास सोडतो. तो यांच्या बोटांना कायमचा. रोज ताटावर बसले की मी म्हणायची, "आधी हात धुवा." रोज म्हणायचे, "धुतलेत गं." कुठले धुतलेत!

दवाखान्यात शेवटी शेवटी मी जवळ वाकले. म्हटलं, "अहो, काही सांगायचंय का मला?" बायकोला काय वाटेल अशा वेळी? काहीतरी ऐकायला मिळेल, नाही का? म्हणाले, "डबे काढून घे. अडकून पडले तर एकमेकांना खातात ते." बस. नुसत्या चहावर बसले होते मी तिथे. जेवलीस का, एवढंही नाही. जाताना काळजी कुणाची, तर तिची!

जळले मी. अजून जळतेय. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणोत.

आज सकाळी गेले लोणीला. बापू बांधावरच उभे होते. म्हणाले, "वहिनी, रोज बघून सोडतोय मी. पन डबं तुमीच काढायचं, सर बोललं हायत." म्हणजे त्यांनाही सांगून ठेवलेलं! एकेक डबा उपसला. शेवटच्यात ती होती. एकटीच. गोल गोल पळत होती. चप्पल काढली मी हातात, खोटं कशाला बोलू? मग म्हटलं, जा बाई. माझा नवरा तुझ्यासाठी झुरला, मी कशाला पाप घेऊ. चिमटीत धरली आणि फ्लॉवरच्या पानाखाली सोडली. सोडताना घाण केलीच तिनं बोटांवर.

परत येताना रिक्षात बोटं नाकाशी नेली. अगदी यांचेच हात.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू या. नंतर भेटायला याल, माझे हात हातात घ्याल. वास येईल. सकाळपासून धुतलेले नाहीत. कुणीही मला हात धुवा म्हणू नका.