कुसुमले घरी काऊन शिकवलं

मी मूळचा पिंपळगाव राजाचा. बाप भाजीपाला लावे, वांगे, मिरच्या, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, अन् घरात शिकलेलं कोणी नाही, मी एकटाच सातवी झालो अन् त्या सातवीच्या जोरावर मलकापुरात कापसाच्या जिनात कारकून लागलो. अक्षर मोत्यासारखं होतं माझं, त्याच अक्षरावर मालकानं ठेवलं. तुम्ही लिहून राह्यले म्हणून पहिलेच सांगतो, माझं बोलणं सुधारून-बिधारून लिहू नका, नाही तं मी कागदावर चांगला माणूस होऊन जाईन, अन् तसा तं मी गावात हाओच.

आमची एकच पोरगी, कुसुम. तिसरीपर्यंत पोरींच्या शाळेत गेली. महाराष्ट्र नवा नवा झालता तवा. शाळेत एक नव्या बाई आल्या, त्यायनं रिवाज पाडला का वर्गातला रांजण पाळीपाळीनं एकेका पोरीनं भरायचा, अन् साऱ्यायनं त्यातलंच पेयाचं. कुसुम घरी आली अन् मोठ्या खुशीत सांगे, बाबा, आज जनीची पाळी होती, तिनं मले तिच्या हातानं गिलास देल्ला. जनी कोण, तं टेशनापलीकडच्या वस्तीतली. त्या वस्तीले आम्ही तवा जे म्हणत होतो ते नाव मी आता तोंडातून काढत नाही. आम्ही काई लय उच्च नाही हो, भाजी विकणारे लोक, पण शिवाशिवीत आम्ही कोणाले हार गेलो नाही. मी जेवून राह्यलो होतो. रागावलो नाही, आवाज चढवला नाही, फक्त म्हटलं, उद्यापासून शाळेत जायचं नाही, मी शिकवतो तुले घरी. तिची माय माझ्या तोंडाकडे पाह्यत राह्यली. पोरीनं दप्तर खुंटीले अडकवून टाकलं.

आता लोकाले काय सांगाव? काय सांगू तुम्हाले, माणसाले सांगाले लय सुचते. म्हटलं, पन्नास पोरीत एकीकडे कोण ध्यान देते, अक्षर बिघडून राह्यलं पोरीचं, पाढे कच्चे राह्यले. एक कोरी वही आणली अन् पहिल्या पानावर लिहून काढलं का आपल्याले काय साधायचं हाय. अक्षर वळणदार झालं पाहिजे, पाढे तीसापर्यंत, पावकी-निमकी तोंडपाठ, पत्र लिहिता आलं पाहिजे, अन् खाली मोठ्या अक्षरात, सातवी पास करून पोरगी मास्तरीण झाली पाहिजे. त्या टाइमाले सातवीवर मास्तरकी भेटे. पाण्याचं त्या पानावर कुठंच नव्हतं. अन् गंमत पाहा, रोज ते पान पाहून पाहून मलेच खरं वाटाले लागलं.

पण शिकवलं मी, ते खोटं नाही. चार वर्षं, रोज सकाळी जिनाचा भोंगा होयाच्या पहिले दोन घंटे. पोरगी हुशार, सांगतलेलं दुसऱ्यांदा सांगा लागे नाही. जिनातले लोक तिची वही मांगून नेत, आपल्या पोट्ट्यायले दाखवत, पाहा बे कारकुनाची पोरगी, शाळेचं तोंड न पाहता कशी लिहिते. मी हाव हाव करत मिशीत हसो. शाळेतून सुटलेल्या पोरी आमच्या दारावरून जात, ती दारात उभी राहून पाहे, मंग आत येऊन कित्ता काढत बसे. मैत्रीण तिले एकबी नाही राह्यली. ते मले दिसे, पण मी म्हणो, अभ्यासाचं माणूस एकटंच बरं.

सातवीले तिले बाहेरून बसवलं. परीक्षा त्याच शाळेत, चैताचे दिवस, अन् मलकापूरचं ऊन तं तुम्हाले माहीत हाय. फिरकीचा तांब्या भरून देल्ला अन् बजावलं, कुसुम, रांजणाले हात लावायचा नाही, दुपारी मी ताजं पाणी आणून देतो. दुपारी जिनात बाहेरून साहेब आला, मले उठता आलं नाही. मी दुसरा तांब्या घेऊन पोहचलो तं गणिताचा पेपर आर्धा झालता अन् वरांड्यात पोरी जमल्या होत्या. कुसुम वर्गात चक्कर येऊन पडली होती. तांब्या सकाळीच सरला होता, रांजण हातभर दूर, पण बापानं सांगतलं म्हणून पोरगी पेली नाही.

अन् तिचं डोकं मांडीवर घेऊन कोण बसलं होतं, तं जनी. आपला पेपर टाकून उठली होती. कुसुमच्या डोळ्याले पाणी लावून राह्यली होती, तोंडात थेंब थेंब टाकून राह्यली होती.

माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला माहीत हाय? पोरगी कशी हाय, हे नाही. मी म्हटलं, कोणाचं पाणी पाजलं? साऱ्यायनं ऐकलं. जनी म्हणे, काका, रांजणातलं हाय, साऱ्यायचं. अन् कुसुमचं डोकं हळूच खाली ठेवून आपल्या पेपरावर जाऊन बसली.

कुसुमनं डोळे उघडले, म्हणे, बाबा, मले बरं हाय, चार गणितं राह्यले. बाई म्हणाल्या, अजून घंटाभर हाय, बसू द्या तिले. मी आयकलं नाही. हात धरून भर उन्हात घरी आणली अन् मोरीत उभी करून डोक्यावरून पाणी ओतलं. ती म्हणत राह्यली, बाबा, पेपर. शुद्ध कराले आणली होती मी तिले.

जनी पास झाली, पुढं मास्तरीण झाली. कुसुमले म्हटलं पुढच्या साली बस, तं म्हणे, नाही बसत. मंग दोन-तीन सालानं लगन करून उंद्री गावाले देऊन टाकली. लोकाले सांगतलं का पोरीची तब्येत नाजूक, परीक्षा झेपली नाही. तेबी तिच्याच माथी मारलं.

यंदा दिवाळीनंतर उंद्रीले गेलो होतो. नात नुकतीच शाळेत गेली होती, घरात आम्ही दोघंच. लय दिवसायचं मनात होतं, म्हटलं, कुसुम, तुले घरी बसवलं ते शिकवाले नव्हतं, त्या जनीच्या पाण्यापाई होतं. ती डाळ निवडून राह्यली होती. म्हणे, मले ठाऊक हाय बाबा. मी म्हटलं, परीक्षेच्या दिवशी समजलं असंन. म्हणे, नाही, तिसरीतच समजलं, तुम्ही जेवता जेवता बोलले तवाच. मंग बोलली काऊन नाही व बाई? म्हणे, तुम्ही लोकाले इतकं चांगलं सांगत होते, मी बोलली असती तं तुम्ही खोटे पडले असते.

आठ वर्षांची होती ती तवा. चार वर्षं रोज सकाळी माझ्यासमोर पाटी घेऊन बसली, अन् बापाची लाज झाकली. देव तिचं भलं करो. माझ्याच्यानं तं तिचं भलं नाही झालं.