पत्रकातला सल्ला

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन म्हातारे थेंब घालून, डोळे मिटून बसले होते. एकाच गोल्फ क्लबातले दिसत होते.

"या महिन्याचं पत्रक अजून नाही आलं. लिहायचं सोडलंस की काय?"

"बातम्या लिहून झाल्यात. स्पर्धा पुढे ढकलली, सातव्या होलजवळ नवं गवत लावलं. खेळाचा सल्ला मात्र नाही लिहिला."

"का रे? लोक आधी तोच वाचतात."

"म्हणूनच. मागे लिहिलं होतं ना मी, काही सभासद शॉट लागायच्या आधीच मान वर करतात. बॉल पळून जात नाही म्हणावं त्यांना."

"हो, सगळा क्लब हसला होता. कॅप्टनला टोमणा होता, शेंबड्या पोरालाही कळलं असतं."

"त्यालाही कळला. त्यानंतर तो आलाच नाही."

"गुडघे दुखतात म्हणाला होता की."

"मागच्या खेपेला इथेच भेटला. मुलीचा हात धरून चालत होता. दोन वर्षं नीट दिसत नव्हतं म्हणे. बॉल कुठे गेला, हे दर वेळी विचारायची लाज वाटायची, म्हणून आधीच मान वर करायचा."

"तुला ओळखलं?"

"आवाजावरून. मी माफी मागणार, तेवढ्यात तोच म्हणाला, तुझं पत्रक पोरीकडून वाचून घेतो बरं का. आधी सल्ला, मग बातम्या."

"मग या महिन्यात ती काय वाचून दाखवणार?"