घमेल्यातले आठ वॉल

आधी मले हे सांगा, माह्या लेकाले शांत स्वभावाचा कोणं म्हटलं? तिघं बोलून गेले, तिघंही तेच. वसंता शांत नव्हता. दीड वर्ष सख्ख्या भावाशी बोलला नाही, त्याले शांत म्हणता?

बसा बापहो. बाया हो, तुम्हीबी बसा. मलकापुरातून, खेड्यापाड्यातून आले, बरं केलं. मी वसंताची माय, मले सभेत बोलता येत नाही. लेकाच्या फोटोले हार पाहून तं अजूनच येत नाही.

महाराष्ट्र झाला त्या साली वसंतानं कापसाच्या जिनवाल्याची जुनी मोटरगाडी आणली. चार शिलिंडरची. धूर सोडे, चढावर बसे. मंग यानं आंगणातच इंजन उघडलं. हेड काढलं, हवेच्या झडपा असतात ना, ते आठ वॉल काढले, फळीवर जोडीजोडीनं मांडले. थोरल्या नामदेवाले म्हणे, "दादा, हे मिसळू नको देजो. ज्याचा वॉल त्याच्याच जाग्यावर बसते. बदलला का हवा सुटते."

मधातच दसरा आला. हत्यारं पुजतो तसं नामदेवानं सारं इंजन पुजलं. कुंकू, झेंडू, सारं. पुजलेलं दुसऱ्या दिवशी हलवा लागते, तुम्हाले मालूम आहे. नामदेवानं हलवलं. कसं हलवलं? सारे वॉल घमेल्यात ओतले.

वसंता म्हणे, "बोटभर सरकवायचं असते, दादा."

हा म्हणे, "बोटभर सरकवून पूजा हलते काय बे?"

झालं. एवढ्यावर बोलणं बंद.

मी वसंताले विचारलं, मोटर गेली का आता? म्हणे, "गेली काऊन? पेस्ट लावून पुन्हा घासले का बसतात. पण दादानं म्हणावं, चाल, घासू." नामदेवाले सांगितलं. तो म्हणे, "त्यानं बोलवावं." एकाच आंगणात दोघं, मधात पोत्याखाली इंजन. दोन दिवसाचं काम होतं बापहो. दोन दिवसाचं. कोणी कोणाले बोलवलं नाही. मंग ताप आला, अन् पोरगं गेलं.

आता जो येते तो माह्या सुनेले, कुसुमले, विचारते, मोटरीचं काय करता? जुळवता का भंगारात देता? तिनं नवऱ्याले रडावं का वॉल मोजावे?

उभे राहा आता. वसंतासाठी घडीभर उगे राहा. मंग ज्याले मोटरीचं विचारायचं त्यानं कुसुमले विचारू नका, मलेबी नका. नामदेवा, खांबाआड नको जाऊ. समोर ये. जबाब तू द्यायचा.