चौदा महिन्यांची नक्कल

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान संचालक मंडळी, तपासणी केंद्रांतून आलेले सहकारी, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत त्या आमच्या बाई.

बाईंना हार घातलेला आवडत नाही, हे मी आयोजकांना सांगितलं होतं. तरी घातलाच. त्यांनी तो काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला, हेही आपण पाहिलंत. बावीस वर्षं या प्रयोगशाळेची संगणक-सुरक्षा त्यांनी सांभाळली. त्यातली नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखालचा माणूस. उद्यापासून त्यांच्या खुर्चीत मी बसणार. त्या खुर्चीबद्दल थोडं बोलावं म्हणतो.

सहा वर्षांपूर्वी बाईंनी संचालकांसमोर एक गोष्ट मांडली. आपण लोकांच्या रक्तातले आनुवंशिक आजार तपासतो. ते अहवाल ज्या सांकेतिक कुलपात बंद करून पाठवतो, ते आजच्या संगणकाला उघडत नाही. पण क्वांटम नावाचा नव्या जातीचा संगणक पुरेसा मोठा झाला, तर तो उघडू शकेल. चोराला घाई नाही. त्यानं आज बंद पेटी उचलायची आणि वाट बघायची.

तेव्हाचे एक संचालक हसून म्हणाले, "बाई, तोवर आपण सगळे निवृत्त झालेले असू की!"

बाई म्हणाल्या, "आपण होऊ हो. पेशंटच्या रक्तातला आजार कसा निवृत्त होणार?"

सभागृहात तेव्हाही असंच कुणीतरी खाकरलं होतं.

मग बाईंनी यादी करायला घेतली. कुठल्या यंत्रात कुठलं कुलूप आहे? साधा प्रश्न, पण उत्तर कुणाकडेच नव्हतं. आम्ही तिघं अकरा महिने हिंडलो. एका केंद्रात तर मुख्य यंत्र चहाच्या कपाटात सापडलं, वर साखरेचा डबा ठेवलेला! दोनशे चौदा ठिकाणी जुनं कुलूप निघालं. बाईंनी एकेक करून क्वांटमलाही दाद न देणारं नवं बसवत आणलं. राहिली फक्त केंद्रांकडून मुख्य संग्रहाकडे येणारी वाहिनी. तिच्यासाठी दोन दिवस काम बंद ठेवावं लागणार होतं. "पुढच्या तिमाहीत बघू," असं उत्तर मिळालं. अशा सात तिमाह्या गेल्या.

आणि मग कळलं, की त्या वाहिनीवरून जाणारं सगळं कुणीतरी चौदा महिने उतरवून घेत होतं. चाळीस हजार माणसांचे अहवाल. सगळे कुलूपबंद, पण त्याच जुन्या कुलपात.

निवेदन तयार झालं : ‘कोणाचीही माहिती उघड झालेली नाही.’ बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "‘उघड झालेली नाही’च्या आधी ‘आजवर’ घाला, मी सही करते." एवढा एक शब्द. तो घातला गेला नाही आणि बाईंनी सही केली नाही. अध्यक्ष महोदय, सही मी केली. मला बढती हवी होती. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

त्यानंतर बाईंनी आठ दिवसांत ती वाहिनी बदलून घेतली. पण गेलेलं परत कसं आणणार? एका दुपारी त्यांनी गेलेल्या अहवालांची यादी माझ्यापुढे ठेवली, एका आडनावावर बोट ठेवलं. "ही तुमच्यातली कुणी?"

माझी पुतणी. माझा थोरला भाऊ त्रेचाळिसाव्या वर्षी हातापायांवरचा ताबा जाऊन गेला. तो आजार मुलांत उतरू शकतो. पोरीनं आपल्या इथंच तपासणी करून घेतली होती. तिच्या परवानगीनं बोलतो आहे.

मी त्याच संध्याकाळी वहिनींकडे गेलो. सगळं सांगितलं. पुतणी टेबलाशी बसून ऐकत होती.

"काका, कधी उघडेल ते?"

"कुणालाच माहीत नाही. दहा वर्षं, पंधरा... कदाचित कधीच नाही."

"मी अजून पाकीट फोडलेलं नाही," ती म्हणाली. "वर्ष झालं. धीर होत नव्हता. अजून थोडे दिवस काही न कळता जगावं, असं वाटत होतं."

वहिनी म्हणाल्या, "मग नको ना बघूस, बाळा."

"आई, माझ्या आधी दुसऱ्या कुणी वाचलं तर?"

ती आत गेली, पाकीट घेऊन आली आणि आमच्यासमोर फोडलं. वाचायला तिला फार वेळ लागला नाही. कागद घडी करून तिनं आईच्या हातात दिला, आणि मला म्हणाली, "काका, आता तुम्ही जा."

आत काय होतं ते मी इथं सांगणार नाही. ते तिचं आहे. निदान तेवढं तरी तिचं राहू द्या.

बाईंनी त्या चाळीस हजारांना पाठवायचं पत्र लिहून ठेवलं आहे. त्यात नेमकं काय गेलं, केव्हा गेलं, पुढे काय होऊ शकतं, हे साध्या भाषेत आहे. दोन वर्षं ते मंजुरीसाठी पडून आहे. अध्यक्ष महोदय, ते उद्या सकाळी माझ्या सहीनं जाईल. परवानगी मागत नाही, कळवतो आहे. खुर्ची एक दिवसाची ठरली तरी चालेल.

बाई, तुमचे आभार मानायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत, आणि खरं तर तो अधिकारही नाही. आयोजकांचे, आपणा सर्वांचे आभार. आनंदाच्या प्रसंगी कटू बोललो, वेळही जास्त घेतला. आपण उदार मनानं मला माफ कराल. जे इथं नाहीत, ज्यांना उद्या पत्र मिळेल, त्यांचीही क्षमा मागतो. त्यांनी ती करावी, असं मात्र म्हणवत नाही.